छुन राजपुत्राच्या घराण्यावर लिहिताय? या चुका टाळा

चीनचा शेवटचा बादशहा पुयी बऱ्याच जणांना माहितीये, पण त्याचे आजोबा यिश्युआन म्हणजे पहिले छुन राजपुत्र, त्यांच्याबद्दल मराठीत फारसं मिळत नाही आणि जे मिळतं त्यात नाती हमखास गंडलेली असतात. मला या माणसाबद्दल खरंच आत्मीयता आहे म्हणून सांगतो, लिहायच्या आधी एवढं बघून घ्या.

पहिली गोष्ट, 'छुन' हे नाव नाही, किताब आहे. यिश्युआन (1840-1891) पण छुन राजपुत्र आणि त्यांचा मुलगा झाइफंग (1883-1951) पण छुन राजपुत्र, शिवाय खांग्शी बादशहाचा एक मुलगा, 1680 चा जन्म, तोही छुन! त्याच्या किताबाचं चिनी अक्षर वेगळं, उच्चार मात्र सारखा. त्यात तो पण बापाचा सातवा मुलगा आणि यिश्युआन पण दाओग्वांग बादशहाचे सातवेच, त्यामुळे नुसतं 'सातवा मुलगा, छुन' असं शोधलंत तर भलताच माणूस हाती लागेल. बापाचं नाव आणि सन दोन्ही तपासा.

पिढी ओळखायला नावाचा पहिला भाग बघायचा, यि मग झाइ मग पु. पण 'यि' दिसलं की सगळ्यांना सख्खे भाऊ करून टाकू नका. छिंग राजपुत्र यिख्वांग खूप लांबच्या शाखेतला, आणि यिशिन (गोंग राजपुत्र) हा यिश्युआनचा सावत्र मोठा भाऊ. यिशिन-यिश्युआनच्या कामांची फार गल्लत होते: 1861 चं परराष्ट्र खातं यिशिनचं, 1885 चं आरमार खातं यिश्युआनचं.

आता सगळ्यात मोठी चूक. इंग्रजीत 'नेफ्यू', 'अंकल', 'कझिन' लिहिलेलं असतं आणि आपण डोळे झाकून 'पुतण्या' लिहितो. अहो, आपल्याकडे प्रत्येक नात्याला शब्द आहे, तो वापरा ना! यिश्युआनची बायको वानझन ही राजमाता त्सशीची, म्हणजे श्येनफंग बादशहाच्या बायकोची, धाकटी बहीण, म्हणजे श्येनफंग बादशहा आणि यिश्युआन बापाकडून भाऊ आणि बायकांकडून साडू. त्यामुळे यांचा मुलगा झाइत्यान हा त्सशीचा पुतण्याही आणि भाचाही. आणि त्सशीचा मुलगा थोंगझी बादशहा हा त्याचा चुलतभाऊ आणि मावसभाऊ दोन्ही.

जानेवारी 1875 मध्ये थोंगझी वारला, मूल नव्हतं, तेव्हा त्सशीने साडेतीन वर्षांच्या झाइत्यानला गादीवर बसवलं, तोच ग्वांगशू बादशहा. पण कागदोपत्री तो श्येनफंगला दत्तक गेला. बातमी ऐकून यिश्युआन रडत जमिनीवर कोसळले आणि त्यांनी तेव्हाची सगळी पदं सोडली. त्यामुळे 'बादशहाचा बाप, म्हणजे कारभार त्याच्याच हातात' असं लिहू नका, ते कधीच राजप्रतिनिधी (लहान बादशहाच्या नावाने कारभार बघणारा) नव्हते. राजप्रतिनिधी झाला तो झाइफंग, 1908 ते 1911, मुलगा पुयी बादशहा झाला तेव्हा लहान होता म्हणून.

झाइफंगची जन्मदाती वानझन नाही, दुसरी बायको, ल्यु घराण्यातली. म्हणजे जन्माच्या नात्याने बघितलं तर पुयीची त्सशी फक्त चुलतआजी लागते, आजीची बहीण नाही. इथे भले भले चुकतात.

घराचंही तसंच. ग्वांगशू जन्मला ते घर बादशहाचं जन्मस्थान झालं म्हणून कुटुंबाला सोडावं लागलं, पुयी 1906 मध्ये जन्मला तो शिचाहाय तळ्याकाठच्या दुसऱ्या वाड्यात. त्या वाड्याच्या बागेच्या भागात आता सोंग छिंगलिंग (सुन यत-सेन यांच्या पत्नी) यांचं स्मारक-घर आहे.

यिश्युआनचं मृत्यूवर्ष कुणी 1890 लिहितं. चिनी तारखेप्रमाणे ते ग्वांगशूच्या कारकिर्दीचं सोळावं वर्ष, जे बरंचसं 1890 मध्ये येतं, पण त्या वर्षाचं शेपूट पुढे जातं, खरी तारीख 1 जानेवारी 1891.

आणि मुलांची यादी करताना फक्त जगलेल्यांची नावं देऊ नका प्लीज. मुलगे सात होते. वानझनला चार झाले, त्यातले तीन लहानपणीच गेले, एकाला तर नावसुद्धा मिळालं नव्हतं, आणि उरलेला एकटा झाइत्यान साडेतीन वर्षांचा असताना राजवाड्यात गेला, तिच्याच बहिणीच्या नावावर.