कुत्र्यासोबत कोकणातल्या नदीकाठच्या रानवाटा

या भटकंतीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पऱ्या (छोटा ओढा) बघता बघता भरतो, मार्चनंतर उकाडा कुत्र्याला झेपत नाही. अभयारण्यात कुत्रा नेऊ नका. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस झालेली असावी, गोचिडांवरचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच द्यावं.

सकाळी 7 ला चालायला लागा. खाणं 2 तास आधी आणि निम्मंच. भरल्या पोटी धावल्यास मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून जिवावर बेतू शकतं.

20 किलोच्या कुत्र्यासाठी घरून निदान 2 लिटर पाणी न्या. नदी शेजारी असताना हे ओझं कशाला, असं वाटतं. पण खाडीची भरती नदीत बरीच आत शिरते. काठावर कांदळ (खाऱ्या पाण्यातली झाडं) किंवा दगडांना चिकटलेली कालवं (शिंपले) दिसली की ते पाणी खारं समजा. ते प्यायल्यावर उलट्या-जुलाब होतात आणि तहान आणखी वाढते.

पाण्यात कुठे सोडायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. चिपळूणजवळ वाशिष्ठीत, खेडला जगबुडीत, महाडला सावित्रीत मगरी आहेत. संथ, गढूळ डोहाच्या काठाशी कुत्रा जाऊच देऊ नका, मग तो कितीही ओढो. तळाचे गोटे स्वच्छ दिसतात असं घोटाभर वाहतं पाणी चालेल, तेही वाडीतल्या माणसांना विचारून आणि दोरी हातात ठेवून.

दोरी 2 मीटरची, छातीच्या पट्ट्याला बांधलेली. गळपट्टा पाठीमागे ओढला की डोक्यावरून निसटतो, आणि साकवावर (ओढ्यावरच्या अरुंद पुलावर) बिचकलेला कुत्रा नेमका मागेच ओढतो. दोरी दिवसभर सोडायची नाही: रानात डुकरांसाठी लावलेली फासकी असतात, वाडीतली कुत्री अंगावर येतात, पाचोळ्यात आणि दगडांच्या फटीत फुरसं हा विषारी साप बसलेला असतो. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. चादरीची झोळी करून कुत्र्याला उचलूनच न्या. सापाच्या विषावरचं प्रतिविष कोणत्या पशुवैद्यांकडे आहे, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा.

सडा (कातळाचं उघडं पठार) ओलांडायचा तर सकाळी 10 च्या आत. कातळावर हाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवता आली नाही, तर पंजे भाजणार. 11 ते साडेतीन सावलीत काढा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांड्यांची झाली की पोटावर आणि जांघेत पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे निघा. बिबट्या संधिप्रकाशात फिरतो, म्हणून साडेपाचच्या आत गाडीशी पोहोचा.

घरात शिरण्याआधी अंगणातच तपासणी. पंजे उघडून बोटांमधली कुसळं काढा. राहिलेलं कुसळ आत आत जाऊन पू धरतं. मग कानाची घडी उलटी करा, काखा, जांघा, शेपटीचं मूळ चाचपा. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, पिळू नका. स्वतःचंही अंग बघा: सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात 2016 पासून गोचिडांमुळे माकडताप आढळला आहे.

पुढचे 3 आठवडे लक्ष ठेवा. कुत्रा खाईनासा झाला, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या किंवा लघवी गडद दिसली, तर रक्त तपासून घ्या आणि तो रानात फिरून आलाय हे डॉक्टरांना आधी सांगा.