वावरात राबतो, मग व्यायाम कायले? पन्नाशीनंतर या चुका टाळा

विदर्भातल्या कुठल्याही गावात पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्यापुढे व्यायामाचं नाव काढा, उत्तर ठरलेलं असतं: "दिवसभर वावरात राबतो ना मी, आता वरून व्यायाम कायले?" एके काळी या उत्तरात दम होता. वखर-डवऱ्यामागे दिवसभर चालणं होतं, विहिरीचं पाणी शेंदणं होतं, बाजारालाही माणूस पायी जायचा. आता नांगरणी ट्रॅक्टरनं होते, बऱ्याच वावरांत निंदणाच्या जागी तणनाशक आलंय आणि मोटारसायकल थेट धुऱ्यापर्यंत जाते. उरली ती पाठीवर पंप घेऊन फवारणी, कमरेत वाकून वेचणी आणि सोयाबीनचे कट्टे उचलणं. राबणं संपलेलं नाही, पण त्यातून जे शरीर घडायचं ते आता घडत नाही. खालच्या बहुतेक चुका याच गैरसमजातून निघतात.

शेतकामालाच व्यायाम समजणं

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटक्यात काम करणारे स्नायुतंतू जास्त झिजतात. म्हणून साठीतला माणूस कट्टा उचलून दाखवतो, पण धुऱ्यावर ठेच लागली की त्याचा पाय वेळेवर पुढे येत नाही आणि तो तोंडावर पडतो. ताकद शिल्लक असते, चपळाई गेलेली असते.

ही घसरण रोखायची तर स्नायूंना हळूहळू वाढत जाणारा भार द्यावा लागतो. भरलेला सोळा लिटरचा पंप वीस किलोच्या आसपास जातो. भार म्हणून तो चांगलाच आहे, पण हंगामातले थोडे दिवस. मग महिनोन्‌महिने काही नाही. कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर तासन्‌तास वाकलेली, मान खाली, ओटीत कापसाचं ओझं. संध्याकाळी ती थकून घरी येते हे खरंच, पण मांड्या आणि नितंबांना ताकद वाढेल असं काम त्या दिवसात फारसं मिळालेलं नसतं. कंबर मात्र रोज तीच, तशीच ताणली जाते.

आपण कुठे आहोत ते घरीच तपासता येतं. छातीवर हात बांधून खुर्चीवरून उठा-बसा, 30 सेकंद. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला किमान 14 आणि बाईला 12 वेळा जमायला हवं. सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये पुरुषाला 12, बाईला 10. दुसरी तपासणी: भिंतीजवळ एका पायावर 10 सेकंद उभं राहणं. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या लोकांवर झालेला एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हे 10 सेकंद जमले नाहीत, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण अधिक दिसलं. एका पायावर उभं राहिल्यानं आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. शरीर एकूण किती खचलंय याचा तो अंदाज आहे.

सुरुवात उठबशांनी करा. बाज खोलगट असते, तिच्यावरून नको. खुर्ची किंवा ओटा घ्या. बसताना तीन मोजत सावकाश, उठताना जमेल तितक्या जोरात. आठ-दहाच्या तीन खेपा सहज व्हायला लागल्या की पाच किलो तुरीची पिशवी छातीशी धरा, मग दहा किलो. सोबत ओट्यावर एकेक पाय टाकून चढणं, आधी भिंतीवर आणि पुढे ओट्यावर हात टेकून जोर, आणि पाण्याच्या दोन भरलेल्या डबक्या हातात घेऊन अंगणाच्या फेऱ्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. जिमची गरज नाही.

"आता या वयात काय ताकद येणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या काही जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला. 1990 साली निकाल छापून आले: त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली होती.

फक्त फिरायला जाणं

डांबरी रस्त्यानं सकाळी टोळक्यानं फिरणं चांगलंच. साखर आणि बीपीसाठी ते हवंच. पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारख्या हालचालीसोबत किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते, आणि पासष्टीनंतर तोल व ताकद या दोन्हींसाठी तीन दिवस. आपल्याकडे पहिला अर्धाच भाग ऐकला गेला.

जुन्या ताकदीच्या भरवशावर मैदानात उतरणं

ही चूक तब्येत बरी असलेल्यांची. हिवाळ्यात गावात कबड्डीचे सामने लागतात, एखादा गडी कमी पडतो आणि पंचेचाळिशीचा जुना खेळाडू "मी येतो बाप्पा" म्हणत उतरतो. किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसोबत पहिल्याच दिवशी 1600 मीटर पळून पाहतो. दम पुरतो, स्नायूही साथ देतात. तुटते ती शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडऱ्याला महिने लागतात, आणि वयाबरोबर तो कमकुवत होत जातो.

टाचेच्या वर मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटलं आणि त्यानंतर त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येईना, तर मालीश करणाऱ्याकडे जाऊ नका. कंडरा तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरला दाखवा. मांडीच्या मागे चमक भरली असेल तर दोन-तीन दिवस धावणं बंद, चालणं चालू, आणि दुखणं ओसरलं की हलका भार. महिनाभर खाटेवर पडून राहिलात तर ती जागा पुन्हा भरणार.

मैदानात परतायचंच असेल, आणि परतावं असंच माझं मत आहे, तर आधी दीड-दोन महिने चवड्यांवर उठणं, सावकाश बैठका आणि पोटऱ्यांचं काम करा. मग पन्नास-साठ मीटरच्या धावा, पूर्ण जोराच्या साठ-सत्तर टक्क्यांनी, मधे चालत परत. पूर्ण वेग सगळ्यात शेवटी.

मैदानी परंपरा आपल्याला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे आणि 1936 मध्ये त्याच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आखाड्यातले जोर-बैठका आजही उत्तमच, फक्त तरुणपणी शंभर मारायचो म्हणून पहिल्या दिवशी शंभर मारणं मूर्खपणाचं. पंजाबच्या मान कौर यांनी धावायला सुरुवातच वयाच्या 93व्या वर्षी केली आणि 2017 मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये, 101व्या वर्षी, 100 मीटरचं सुवर्ण घेतलं.

टोंगळे दुखतात म्हणून हालचालच बंद करणं

गुडघ्यांच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं हा मुख्य उपचारांपैकी एक आहे, आणि नेमकं तेच आधी सोडलं जातं. एक साधा हिशोब ठेवा. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवा. सकाळी सूज किंवा जास्त ठणका असेल, तर भार निम्मा करा, पण बंद करू नका. उकिडवं बसता येत नसेल तर उंच खुर्चीपासून सुरू करा आणि काही आठवड्यांनी बैठक थोडी खाली न्या. दुखत नसेल तर मांडी घालून जेवायला बसणं मुळीच सोडू नका. जमिनीवरून उठणं हाच रोजचा मोठा व्यायाम आहे.

सुई टोचून घेऊन लगेच वावरात जाणं ही याच चुकीची धाकटी बहीण. वेदनाशामक गोळ्या वारंवार, त्यातही उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यालेलं असताना, मूत्रपिंडाला जड जातात. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांनी "एका दिवसात फरक" पडत असेल तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. ते साखर वाढवतं आणि हाडं ठिसूळ करतं. गुडघा लाल-गरम झाला, अडकला, रात्री झोप मोडू लागली किंवा सोबत ताप असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा. छातीत दाब जाणवला किंवा चक्कर आली तर लगेच.

तूर पिकवायची आणि पातळ वरण प्यायचं

ताकद वाढवायला प्रथिनं लागतात, आणि वय वाढलं की गरज वाढते: किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम, शेंगदाण्यात 25, एका अंड्यात 6. सोयाबीन या सगळ्यांत वरचढ, आणि ते घरचंच असतं, पण सगळं मार्केटात जातं. दाणे भिजवून पूर्ण शिजवा, कच्चे खाऊ नका. वरण घट्ट करा, न्याहारीला भिजवलेले चणे किंवा अंडी घ्या, रात्री दूध. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरला विचारा. आणि घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवते तिथे हा हिशोब तिच्याच ताटापासून सुरू करायला हवा. पन्नाशीनंतर हाडं झपाट्यानं तिचीच ठिसूळ होतात.

ऊन आणि हंगाम न पाहणं

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. वय झालं की तहानही उशिरा लागते, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून पाणी आणखी कमी होतं. तेव्हा उन्हाळ्यात व्यायाम सूर्य उगवायच्या आत, आधी गिलासभर पाणी पिऊन. सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक) आजार असलेल्यांनी जोराच्या व्यायामाआधी डॉक्टरशी बोलून घ्यावं. तोंडात खर्रा कोंबून धावायला येणारे काही कमी नाहीत. त्या तंबाखूनं ठोके आधीच वाढलेले असतात, वर धावणं म्हणजे हृदयावर दुहेरी ओझं.

नवी सुरुवात पेरणीच्या किंवा धानाच्या रोवणीच्या तोंडावर करू नका, चार दिवसांत सुटेल. सोयाबीन घरात आलं की, म्हणजे दिवाळीच्या आसपास, सुरू करा. थंडीही सोबतीला असते, फक्त पहाटे अंग गरम करायला दहा मिनिटं जास्त द्या. पुढच्या खरिपात वेळ मिळेनासा झाला तर दिवस कमी करा, वजन कमी करू नका. तीन दिवसांचा एक दिवस झाला तरी, पिशवी तेवढीच जड राहिली तर कमावलेली ताकद काही महिने बरीचशी टिकते.