दाताचं इम्प्लांट: आधीची तयारी आणि नंतरची काळजी

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, ज्यावर पुढे दाताची कॅप बसते. तो बसवल्यावर दुखणं तीन-चार दिवसांत बरंच उतरतं. टाके आठवडा-दहा दिवसांत निघतात. आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तोंड अगदी नेहमीसारखं वाटायला लागतं तेव्हाच, त्या स्क्रूची हाडातली पकड सगळ्यात कमी असते. बसवताना तो घट्ट पिळून बसवलेला असतो. पण शरीर भोवतालचं दुखावलेलं हाड हळूहळू काढून टाकतं आणि त्या जागी नवं हाड भरायला वेळ घेतं. जुनी पकड सुटत असते आणि नवी अजून पुरती आलेली नसते. नेमकं तेव्हाच माणूस म्हणतो, "आता काही होत नाही," आणि त्या बाजूने भाकरी चावायला लागतो.

टायटॅनियमला हाड असं धरतं, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं आणि ते ४० वर्षांहून जास्त टिकलं. धातू आजही तोच आहे आणि हाडाला लागणारा वेळही फारसा बदललेला नाही. आईच्या इम्प्लांटच्या वेळी तिच्यासोबत असताना मला हे पक्कं कळलं की शस्त्रक्रियेचा तासभर डॉक्टरांचा असतो, पण आधीचा महिना आणि नंतरचे महिने घरच्यांचे असतात.

महिनाभर आधी

पहिलं काम स्कॅनचं. ओपीजी हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे सपाट फोटो असतो, त्यात हाडाची उंची दिसते पण जाडी कळत नाही. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबडा सगळ्या बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय स्कॅन सांगतात. तो तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. आईचा स्कॅन बघताना डॉक्टरांनी खालच्या जबड्यातून जाणारी नस स्क्रीनवर रंगीत रेघेने आखली, दाढ नव्हती तिथला उभा छेद उघडला, हाडाच्या माथ्यापासून त्या रेघेपर्यंत माप घेतलं आणि त्यातून २ मिलिमीटर वजा केले. "काकू, एवढी जागा आपली नाही, नसेची," म्हणाले. ही नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, म्हणून हे अंतर सोडतात. वरच्या दाढांच्या जागी प्रश्न वेगळा असतो. तिथे हाडाच्या वर सायनसची पोकळी असते आणि हाड कमी पडलं तर आधी ते भरावं लागतं. दाढ काढून बरीच वर्षं झाली असतील तर हाड झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. भर घालावी लागणार का आणि त्यामुळे किती महिने वाढतील, हे तेव्हाच विचारून घ्या.

दुसरं, औषधं. यादी करत बसू नका, गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. ते हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर न विचारता सांगा. आणि एक गोष्ट घरोघरी सांगायची राहते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, किंवा सहा महिन्यांनी, वर्षाने मिळणारं इंजेक्शन. रोजचं नसल्यामुळे ते औषध आहे हेच विसरायला होतं. या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, कर्करोगाच्या उपचारातल्या मोठ्या डोसांत तर जास्तच. मान-चेहऱ्याला पूर्वी रेडिएशन दिलेलं असेल तर तेही सांगायलाच हवं.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तपासून घ्या. हा आकडा ७ च्या आसपास असलेला बरा. ८ च्या वर गेला तर अनेक डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. अशा वेळी डॉक्टर बदलू नका, तारीख पुढे ढकला.

आता तंबाखू. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्याकडच्या कितीतरी आया-मावश्या खरेपणाने "नाही" म्हणतात, कारण मशेरी लावणं त्यांच्या लेखी दात घासणं असतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवर लागते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं आणि हाड जुळायला अडथळा येतो. म्हणून घरच्यांनी नाव घेऊन विचारावं: मशेरी, गुटखा, पानातली तंबाखू, सिगारेट, विडी. वर्षानुवर्षांची सवय रागावून सुटत नाही. चारचौघांत तर मुळीच बोलू नका. निदान एक आठवडा आधी आणि नंतर दोन महिने पूर्ण बंद, एवढं तरी ठरवून घ्या, आणि सकाळच्या त्या वेळेला हातात ब्रश-पेस्ट द्या. कायमची सुटली तर त्याहून चांगलं काय!

उरलेल्या हिरड्यांना सूज असेल, घासताना रक्त येत असेल, तर आधी ते बरं करून घ्यायचं. आजारी तोंडात नवं इम्प्लांट बसवण्यात अर्थ नाही.

खर्चाचं लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात स्कॅन, हाड भरणं, इम्प्लांट, मधला जोड आणि कॅप हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं, कारण बऱ्याचदा जाहिरातीतली रक्कम फक्त स्क्रूची असते. खाजगी खर्च परवडणार नसेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी जरूर करा.

तारीख ठरवताना कॅलेंडर उघडा. दिवाळीच्या तोंडावर शस्त्रक्रिया करून चकल्या-चिवड्याच्या घरात बसणं फार अवघड आहे. गणपती, घरचं लग्न, लांबचा प्रवास यांच्या आधीचे पंधरा दिवसही टाळा.

त्या दिवशी

"ऑपरेशन आहे" म्हणून बरेच जण उपाशी येतात. फक्त जागेवरची भूल देणार असतील तर पोटभर खाऊन जा. नंतर दोन-चार तास तोंड बधिर असतं, आणि मधुमेही माणूस उपाशी राहिला तर साखर खाली जाऊ शकते. गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल देणार असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तितके तास काही खायचं-प्यायचं नाही. बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनबद्दल आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. उपवासाचा दिवस असेल तर तारीख बदला, कारण पुढे औषधं रिकाम्या पोटी घ्यायची नाहीत.

खुर्चीत दुखत नाही. थरथर आणि दाब जाणवतो, पाणी सतत वाहत असतं. ते थंड सलाइन गरजेचं असतं, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते. म्हणूनच ड्रिल सावकाश, पायरीपायरीने फिरवतात. घाई का करत नाहीत, असं वाटलं तर हे कारण आठवा.

निघताना इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. पुढे गाव बदललं, डॉक्टर निवृत्त झाले किंवा आतला स्क्रू सैल झाला, तर त्या चिटोऱ्यावाचून नव्या डॉक्टरला योग्य भाग शोधणं कठीण जातं. फाइलला चिकटवा आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

पहिले २४ तास

या दिवशी जखमेवर रक्ताची गुठळी धरते आणि तिला हलवायचं नाही, एवढंच सूत्र. दिलेला कापसाचा बोळा साधारण अर्धा-पाऊण तास दाबून धरा. चूळ नाही, थुंकणं नाही, लाळ गिळायची. थोडी गुलाबी लाळ येणं साहजिक आहे. नळीने काही ओढायचं नाही, त्यामुळे शहाळ्याचं पाणी आणलंत तर ते पेल्यात ओतून द्या. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर १५ ते २० मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. गरम शेक द्यायचा नाही, कितीही माया करून कोणी दिला तरी. लवंगतेल, हळद, तुरटी जखमेवर लावू नका. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्या. झोपताना दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा.

आणि भेटायला येणाऱ्यांना ओठ ओढून जखम दाखवू नका. प्रत्येक वेळी टाक्यांना ताण बसतो.

टाके निघेपर्यंत

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरते. गालावर निळसर-पिवळा डाग आला तरी तोही जातो. २४ तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर तोंडात धरायचं, मान हलकेच दोन्हीकडे कलती करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं. खळखळून चूळ भरायची नाही. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) दिलं असेल तर पेस्ट आणि ते यांत अर्धा तास जाऊ द्या. बाकीचे दात रोज घासायचेच. अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

खाण्यात आपलं स्वयंपाकघर इथे फार उपयोगी पडतं. मुगाची डाळ अगदी मऊ शिजवून घोटा, गाळणीतून काढा, किंचित तूप आणि मीठ घाला आणि बोटाला सोसेल इतकं निवल्यावर द्या. जिऱ्याची फोडणी मोह पाडते, पण जिऱ्याचा एक दाणा टाक्यात अडकला की दिवसभर जीभ तिथेच जाते. तीळ, खसखस, दाण्याचं कूट यांचंही तसंच, म्हणजे साबुदाण्याची खिचडी नको. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, दहीभात, मऊ शिरा, केळं कुस्करून, अंडं खात असाल तर मऊ अंडाभुर्जी. भूक असते पण चावता येत नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं द्या.

सायनसजवळ काम झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

पुढच्या गोष्टींत वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा: दाबून धरूनही रक्त न थांबणं, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढणं, ताप, पू, पाणी पिताना नाकातून येणं. भुलीचा परिणाम जायची वेळ उलटून गेल्यावरही ओठ-हनुवटी बधिर असेल, तर "सकाळी बघू" म्हणू नका. नसेवर दाब आला असेल तर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालयात जा.

तिसरा आठवडा आणि पुढे

सुरुवातीला सांगितलेला नाजूक काळ हाच. त्या बाजूने चिक्की, सुपारी, भाजलेला मका, कडक भाकरी काही नाही. डॉक्टर "खा" म्हणेपर्यंत दुसऱ्या बाजूने. तात्पुरती कवळी वापरत असाल आणि ती जखमेवर टेकत असेल, तर डॉक्टरांकडून ती आतून घासून घ्या. खालच्या जबड्यात साधारण ३ महिने, वरच्या जबड्यात ४ ते ६ महिने धरा. हाड भरलं असेल तर आणखी. काही जणांना त्याच दिवशी तात्पुरता दात मिळतो, पण तो दिसण्यापुरता, चावण्यासाठी नव्हे. या महिन्यांत इम्प्लांट हलल्यासारखं वाटलं तर जिभेने चाचपत बसू नका, दाखवा.

कॅप बसल्यावर आणखी एक फरक समजून घ्या. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी आणि हाड आजारी पडू शकतं, आणि आतमध्ये नस नसल्यामुळे दात ठणकून सांगत नाही. घासताना रक्त येणं ही पहिली खूण, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटीत छोटा इंटरडेंटल ब्रश रोज रात्री फिरवायचा, सहा महिन्यांनी तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे. कॅप डुगडुगली तर त्या बाजूने खाणं लगेच थांबवा आणि ते स्टिकर घेऊन जा. बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू पुन्हा आवळला की काम होतं, पण तसंच चावत राहिलात तर तो आतच तुटतो.