पास्त्याचं मशीन लावण्याआधी

आमच्याकडे पास्ता रविवारी होतो, पण तयारी बुधवारी सुरू होते, कारण गिरणी. मशीन विजेचं आहे, बटण दाबलं की आपलं आपण पीठ मळतं आणि जाळीतून बाहेर ढकलतं, हे सगळं खरं. पण त्याच्या पोटात काय घालायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि तिथंच पहिला रविवार वाया जातो. माझा गेला होता.

तर आधी पीठ. पास्त्याचा गहू म्हणजे ड्युरम, आणि ड्युरम म्हणजे आपला बन्सी. उप्पिटाला जो पिवळसर, टणक बन्सी रवा घेतो तोच. इटलीत १९६७ साली ५८० क्रमांकाचा कायदाच झाला, की वाळवून विकायचा पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. त्यात नुसता अभिमान नाही. या गव्हाचं पीठ दाबून काढलं की आकार धरतं आणि उकळत्या पाण्यात लगेच गिच्च होत नाही. तेव्हा बुधवारी इथं बेळगावात रविवार पेठेत गेलात की किलोभर बन्सी रवा पिशवीत टाकायचा. मात्र तो तसाच वापरायचा नाही. उप्पिटाचा रवा जाड असतो, आणि मशीनचं मळणं जेमतेम पाच-दहा मिनिटांचं. तेवढ्यात जाड कणीच्या आत पाणी मुरत नाही, मग पास्ता खरबरीत निघतो आणि वळवायला गेलं की तुटतो. गुरुवारी तो गिरणीत नेऊन परत दळून आणायचा. किलोभर दळण बघून गिरणीवाले काका तोंड वाकडं करतात, त्याला इलाज नाही. ‘गव्हावर घाला, जोंधळ्यावर नको’ एवढं मात्र बजावून सांगायचं. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, आणि त्यातलं थोडं मिसळलं तरी पास्ता जाळीच्या तोंडाशीच फाटतो. दळण घरी आलं की ताटात पसरून गार करायचं, मगच डब्यात. गरम पीठ डब्यात कोंडलं की झाकणाला आतून घाम येतो आणि पुढं पाण्याचं सगळं माप बिघडतं.

गिरणी जमत नसेल तर चिरोटी रवा आहेच. कर्नाटकात राहण्याचा हा एक फायदा, कुठल्याही किराणा दुकानात तो मागितला की मिळतो. बारीक असतो, पाणी चटकन पितो. तो बहुधा साध्या गव्हाचा असतो, म्हणून बन्सीचा पिवळा रंग आणि दाताला लागणारा कणखरपणा येत नाही. तरी पहिल्यांदाच करणार असाल तर निम्मा चिरोटी आणि निम्मा मैदा, हीच सगळ्यात बिनधोक जोडी. नुसती पोळीची कणीकही चालते, पण कोंड्यापाशी पास्ता तुटतो, तेव्हा लांब शेवयांच्या नादी न लागता आखूड नळ्या काढायच्या.

खपलीबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून सांगतो. आपण खपलीची खीर करतो, कानडी शेजारी हुग्गी करतात. इटलीत हाच गहू फार्रो म्हणून खातात आणि त्याचा पास्ताही करतात, त्यामुळे आपण काही अचाट करतोय असं नाही. ड्युरमही खपलीच्याच वंशातला. पण खपलीची चिकाटी कमी, म्हणून नुसतीची न करता फार तर निम्मी बन्सीत मिसळायची. खीर करायला आणलेली कांडलेली खपली घरात असेल तर पाव किलो त्याच दळणात देऊन टाकायची, वेगळा खेटा नको.

आता पाणी. इथं पोळीचा हात विसरायचा. पाव किलो कणकेला पोळीसाठी आपण दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर पाणी सहज घालतो. पास्त्याच्या मशीनला तेवढ्याच पिठाला ९० ते ९५ मिलिलिटर पुरतं, कोंड्यासकट कणीक असेल तर १०० ते १०५. पहिल्या रविवारी मी झाकणाच्या काचेतून बघितलं तर आत गोळा नव्हताच, नुसता भुगा फिरत होता. मला वाटलं पाणी कमी पडलं. घातलं अर्धी वाटी. मिनिटाभरात भुग्याचा गोळा झाला, गोळा पात्याला चिकटून गरगर फिरायला लागला, पीठ जाळीकडं ढकलणाऱ्या मळसूत्राकडं काही जाईना, मोटर घोगऱ्या आवाजात कण्हायला लागली आणि थोडा वासही आला. शेवटी बटण बंद करून चमच्यानं सगळं खरवडून काढलं आणि त्याच्या पोळ्या केल्या. वातड झाल्या.

पुढच्या रविवारी आई येऊन उभी राहिली. तिनं उभा जन्म हातानं फिरवायच्या मशीनवर शेवया काढलेल्या, स्टुलाला मशीन आवळायचं, एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खाली काठी धरायची. तिनं मला मशीन थांबवायला लावलं, झाकण उघडून मूठभर भुगा घेतला आणि मूठ आवळली. उघडली तर तळव्यावर बोटांचे वळ उठलेला मुटका. त्यावर अंगठा दाबला, मुटका फुटला. ‘झालं की रे. आता पाण्याला हात लावू नको.’ बस, परीक्षा एवढीच. मुठीत मुटका झाला पाहिजे आणि दाबल्यावर फुटला पाहिजे. मुटका होतच नसेल तर एक चमचा पाणी, फुटतच नसेल तर एक चमचा पीठ. चमचाच, वाटी नव्हे.

हे माप बारा महिने एकच राहत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, खानापूरकडं तर विचारूच नका. डब्यातलं पीठ हवेतली ओल ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात पाणी एक-दोन चमचे कमीच घ्यायचं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तेवढंच वाढवायचं. म्हणून डिजिटल काटा आधी काढून ठेवायचा आणि त्याचा सेल बघायचा. मशीनबरोबर मिळणाऱ्या मापाच्या पेल्यावर मी विसंबत नाही. तो कुठल्याशा दुसऱ्याच पिठाच्या हिशोबाचा असतो. गिरणीचं पीठ त्यात दाबून बसतं, आणि पाव किलो म्हणून पावणेतीनशे ग्रॅम आत जातं.

अंडं घालायचं की नाही हे वार बघून ठरवायचं. आमच्या घरात सोमवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण अंडं नाही, आणि त्यानं पास्त्याचं काही अडत नाही. दक्षिण इटलीत पुलियाकडं नुसता ड्युरमचा रवा आणि पाणी यांचाच पास्ता पिढ्यान्‌पिढ्या होतो. अंड्याची रीत उत्तरेकडची, एमिलिया-रोमान्याची. तिकडं हातानं मळताना १०० ग्रॅम पिठाला एक अंडं धरतात, पण ते माप मशीनला सैल पडतं. पाव किलो पिठासाठी काट्यावर भांडं ठेवून एक अंडं फोडायचं, अंडं आणि पाणी मिळून ९५ ग्रॅम भरेपर्यंत त्यात पाणी ओतायचं आणि नीट फेटून घ्यायचं. मीठ पिठात नाही.

मशीन शनिवारी रात्रीच खाली काढायचं. कुणी अमेरिकेहून आणलेलं असेल तर आधी तळाची पट्टी वाचायची. तिथं १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या पिनेत ते घालायचं नाही, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मग सुटे भाग मोजायचे. माझं मशीन ऑनलाइन आलं तेव्हा खोक्यावर सहा जाळ्या छापलेल्या आणि आत पाचच. विकणाऱ्याला तीनदा कळवलं, तीनदा ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ असं उत्तर आलं. सहावी मी शेवटी वेगळी विकत घेतली. नवं खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवा, एवढंच सांगतो. भाग सगळे कोरडे आहेत ना तेही बघायचं. मळसूत्राच्या खोबणीत पाण्याचा थेंब राहिला की पहिलं पीठ तिथंच चिकटून बसतं.

जाळी कोणती लावायची याचा घरात वाद होतो, तो शनिवारीच मिटवलेला बरा. मुलांना नळ्या हव्या असतात, आईला बारीक गोल, शेवयांसारख्या. मला पट्टी आवडते, टाल्यातेल्ले. तिच्या रुंदीवरून इटलीतल्या बोलोन्या शहरात एवढा कीस काढला गेला की १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये सोन्याची पट्टीच ठेवली, शिजल्यावर ८ मिलिमीटर, ना कमी ना जास्त. आमच्या जाळीतून किती निघते ते मी मोजलेलं नाही.

रविवारी सकाळी पहिला प्रश्न करंटचा. मळून झालं आणि दाबून काढताना करंट गेला तर पीठ नळीत अडकून घट्ट होतं, तासाभरानं करंट आला तरी मळसूत्र हलत नाही. वळवाच्या दिवसांत आभाळ दुपारनंतर भरतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी पास्ता अकराच्या आत उरकतो. घरगुती मशीन साधारण १५० ते २०० वॉट घेतं, घरचा इन्व्हर्टर ते ओढतो. पण त्याच वेळी मिक्सर लावायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं. नाही तर नेमकी तेव्हाच कुणाला तरी चटणी वाटायची असते.

दुसरी गोष्ट जागा. ओट्यावर मशीनच्या तोंडापुढं हातभर जागा मोकळी, तिथं ताट, ताटात रवा भुरभुरलेला. शेजारी सुती कापड पसरलेलं. आमच्याकडं आईच्या जुन्या पातळाचा तुकडा आहे, त्यावर एके काळी बाजेवर शेवया वाळायच्या. पण हा पास्ता शेवयांसारखा कडकडीत वाळवायचा नसतो. दहा-पंधरा मिनिटं हवेवर ठेवला की अंगाला अंग चिकटत नाही, तेवढं पुरे. पावसाळ्यात तेवढंही नाही, ताटातून थेट पाण्यात. अंड्याचा असेल आणि उरणार असेल तर कापडावर पडू द्यायचा नाही, डब्यात घालून फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाहेर ठेवून वाळवण्याइतकी आपली हवा भरवशाची नाही.

मशीन लावायच्या आधी, नंतर नव्हे, गॅसवर मोठं पातेलं चढवायचं. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे चौघांच्या घराला लग्नाकार्यात बाहेर निघणारं पातेलंच लागतं. ते भरून उकळायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, आपलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. म्हणून पाककृतीत तीन मिनिटं लिहिली असतील तर आपण साडेतीन-चार धरायची, आणि घड्याळापेक्षा एक काडी चावून बघायची. पाव किलो पिठाचा पास्ता दोघातिघांना होतो. जास्त हवा असेल तर दोन घाण्या काढा, दुप्पट पीठ एकदम कोंबू नका.

जाळी बसवण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्यायची, म्हणजे पहिला पास्ता तोंडाशी अडत नाही. तरीही पहिले दोन-तीन इंच वाकडेतिकडे, फाटक्या कडेचेच निघतात. ते तोडून परत आत टाकायचे. पहिल्या घाण्यावरून घाबरायचं नाही, चकलीची पहिली कधी सरळ येते? कापायला सुरी लागते, ती पिठात बुडवून घ्यायची.

सॉसबद्दल फार लिहीत नाही, तो आदल्या रात्रीच करून ठेवावा. टोमॅटोचा कंटाळा आला असेल तर तेलात भरपूर लसूण आणि संकेश्वरीच्या दोन मिरच्या तळून त्यात पास्त्याचं पळीभर पाणी. संकेश्वरी तिखट असते, मुलांच्या ताटात बी काढून घाला.

धुणं हा भाग कुणी सांगत नाही. जाळी लगेच नळाखाली धरायची नाही. ओल्या पिठाचा चिकट लगदा होतो आणि तो भोकाभोकांत शिरतो. ती तशीच रात्रभर वाळू द्यायची. सकाळी खराट्याची काडी किंवा दातकोरणं एकेका भोकात घातलं की आतलं पीठ टकटक बाहेर पडतं. मग हवं तर धुवा. पातं आणि मळसूत्र मात्र त्याच दिवशी कोमट पाण्यात. मोटरच्या भागाला फक्त ओलं फडकं. सगळं पुसून झालं की जाळ्या मोजून डब्यात, सहा. पाचच भरल्या तर आधी सिंक बघा, मग खरकट्याची बादली, कचऱ्याची गाडी गल्लीत यायच्या आत.