पावसाआधी चाकं आणि टायर: गोव्यात मोठी एसयूव्ही आडवाटेला न्यायची असेल तर

जूनचा पाऊस लागला की सत्तरी, सांगे, केपे बाजूच्या मातीच्या वाटा खुणावायला लागतात आणि नवीन मोठी गाडी घेतलेला प्रत्येकजण एकच विचारतो, ऑल टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणारा, कुठला घेऊ. मी आधी उलटा प्रश्न टाकतो, रिम किती इंची आहे? डिफेंडर असो, लँड क्रूझर ३०० असो नाहीतर मर्सिडीजची जी क्लास, डिफ लॉक (चाकं एकत्र फिरवणारं कुलूप), टेरेन मोड (जमिनीप्रमाणे बदलणारी सेटिंग), कॅमेरे सगळं असतं, पण जमिनीला टेकतो तो फक्त टायर, आणि शोरूममधून गाडी बहुतेक वेळा २० किंवा त्याहून मोठ्या रिमवर येते कारण ती दिसायला भारी दिसते. आडवाटेसाठी पहिली तयारी म्हणजे रिम लहान करायची आणि रबर वाढवायचं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

हिशोब साधा आहे. २५५/७० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २५५ मिमी आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे साधारण १७८ मिमी; शेवटचा १८ म्हणजे रिम इंचात. २५५/६० आर २० घेतलात तर साइडवॉल १५३ वर येतो, आणि २७५/४५ आर २२ ला फक्त १२४. हे तिन्ही साइज डिफेंडरला बसतात, आणि अख्ख्या टायरचा व्यास मोजला तर पहिल्या दोघांचा ८१४ मिमी, तिसऱ्याचा ८०६, म्हणजे जवळपास सारखाच. गाडीची उंची तीच राहते, स्पीडोमीटरही फसत नाही, फक्त १८ इंचीत दगड आणि रिम यांच्यामध्ये पाचेक सेंटिमीटर रबर जास्त मिळतं. ते पाच सेंटिमीटर म्हणजेच सगळं काही. हवा सोडली की तो साइडवॉल दबतो, टायर लांबट होतो, दगडाला धरतो. २२ इंचीत दबायला जागाच नसते.

आणि हे गोव्यात जास्त लागू पडतं, कारण आपल्याकडे वाळवंट नाही, बर्फ नाही, आपल्याकडे चिरा, म्हणजे जांभा दगड, आहे. जांभा खणताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो, आणि सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, किंवा जुन्या चिऱ्याच्या खाणीजवळ त्याच्या तुटक्या कडा अर्ध्या तांबड्या मातीत रुतलेल्या असतात. पावसात वर पाणी साचलं की त्या दिसत सुद्धा नाहीत. टायरचा तळ त्यावरून गेला तर सहसा काही होत नाही, तिथे रबर जाड असतं, खाली स्टीलचे बेल्ट असतात. टायर दगडाच्या बाजूने घसरला आणि साइडवॉल कडेला घासला की संपलं. साखळी शहरात एका टायरवाल्याकडे असा बावीस इंची टायर उतरवून ठेवलेला बघितलाय, बाहेरून नखाने ओरखडा काढल्यासारखी बारीक रेघ, पण त्याने अंगठ्याने दाबून ती उघडली तर आत पांढरे दोरे सरळ कापलेले. साइडवॉलचा कट पॅच मारून चालत नाही, तो टायर गेलाच.

तर रिम. आपल्या गाडीच्या ब्रेकवर सगळ्यात लहान कुठली रिम बसते ते आधी विचारा, कारण जास्त ताकदीच्या इंजिनवाल्या व्हेरिएंटला डिस्क आणि कॅलिपर मोठे असतात, त्याला १८ आत जातच नाही. मग १९ किंवा २० वर थांबायचं, त्यात कमीपणा काही नाही. दुसरं, पीसीडी बघायचं, म्हणजे चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. नवीन डिफेंडरला ५ बाय १२० लागतं, लँड क्रूझर ३०० ला ६ बाय १३९.७, जी क्लासला ५ बाय १३०. पहिला आकडा बोल्ट किती ते, दुसरा मिमीचा, आणि अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झालेलंही चालत नाही. पीसीडी जुळलं तरी मधल्या हबचं भोक, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते) आणि नटची बैठक जुळायला पाहिजे. ऑफसेट कमी घेतला की चाक बाहेर येतं, दिसायला रुबाबदार वाटतं, पण बेअरिंगवर भार वाढतो आणि चिखल सगळा दारांवर उडतो. स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) लावून बसवून देतो म्हणणाऱ्या दुकानातून मी तरी सरळ बाहेर येईन.

कास्ट (साच्यात ओतलेली) अलॉय की फोर्ज्ड (दाबून घडवलेली) की स्टील यावर लोक तासन् तास वाद घालतात. फोर्ज्ड हलकी आणि मजबूत पण महाग. कास्ट अलॉयला जोरात दणका बसला तर चीर जाऊ शकते. स्टीलची रिम जड असते, पण ती सहसा वाकते, फुटत नाही, आणि वाकलेली कड गावातल्या गॅरेजमध्ये ठोकून हवा धरण्याइतकी सरळ होते. मिळत असेल तर आडवाटेसाठी माझं मत स्टीलला, नाहीतर साधी रंगवलेली अलॉय. डायमंड कटवाली चकचकीत रिम मात्र नकोच, तिच्या लॅकरवर एकदा खडी घासली की किनाऱ्याकडची खारट हवा आत शिरते, अलॉयवर पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं, आणि ते टायर बसतो त्या कडेपर्यंत पोचलं की हवा हळूहळू कमी व्हायला लागते, पंक्चर मात्र सापडत नाही.

आता टायर. सरळ सांगतो, ऑल टेरेनच घ्या. मड टेरेन चिखलात भारी आहे यात वाद नाही, मोठे ब्लॉक, मध्ये रुंद खाचा, फिरताना चिखल बाहेर फेकतात. २०१४ साली गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज या आडवाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेची भारतातली आवृत्ती सुरू झाली, तिथल्या जिप्सी आणि जीप बघून आलेल्याला मड टायर घ्यावेसे वाटणारच. पण त्या गाड्या बहुतेक ट्रेलरवरून येतात. आपण पणजीहून फोंड्यामार्गे मोल्याला आणि पुढे अनमोड घाटात ओल्या डांबरावरून जाणार, शेवटचे थोडेच किलोमीटर कच्चे. भिजलेल्या डांबरावर मड टायरची पकड आणि ब्रेकिंग दोन्ही कमी पडतात, आवाज वेगळाच, आणि अडीच टनाच्या आसपासची गाडी घाटाच्या वळणावर सरकली तर टेरेन मोड काही वाचवत नाही. ऑल टेरेनमध्ये ब्लॉकवर बारीक काप असतात, ते ओल्यात धरतात. बीएफगुडरिच, योकोहामा जिओलँडर, पिरेली स्कॉर्पियन, जनरल ग्रॅबर असे बरेच पर्याय आहेत, पण नावावर जाऊ नका, आपल्या साइजमध्ये साइडवॉल किती प्लायचा (थरांचा) आहे आणि खांद्यापर्यंत ब्लॉक उतरलेत का ते बघा. रन फ्लॅट (हवा गेली तरी थोडं चालणारा) असेल तर तो आडवाटेसाठी बदला, साइडवॉल इतका कडक असतो की हवा सोडून फायदाच होत नाही.

साइडवॉलवर लिहिलेलं वाचायची सवय लावून घ्या. साइजच्या पुढचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स, ११३ म्हणजे एक टायर ११५० किलो उचलतो, ११६ म्हणजे १२५०. कंपनीने दिलाय त्याच्या खाली जायचं नाही, आणि छतावर टेंट, मागे पाण्याचे कॅन असं सामान असेल तर अजिबातच नाही. त्याच्यापुढचं अक्षर वेगाचं, क्यू म्हणजे ताशी १६०, एस १८०, टी १९०, एच २१०. जाड टायरना हे अक्षर बऱ्याचदा खालचं असतं, गाडीला किती हवं ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर जास्त टिकाऊ, पण तेवढाच भार उचलायला त्याला हवा जास्त लागते, त्यामुळे दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याला जसाच्या तसा लावू नका. शेवटी डॉट कोडचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. दुकानात फोनचा टॉर्च लावून पाचही टायरवर वाचा. एमआरएफचा मोठा कारखाना आपल्या उसगावात असला तरी लक्झरी गाड्यांचे हे साइज दुकानात नेहमी पडून नसतात, ऑर्डर देऊन मागवावे लागतात, आणि ऑर्डरमध्ये जुना माल गळ्यात पडायला नको. म्हणून मे महिन्यातच कामाला लागा.

पाचही म्हटलं ते मुद्दाम. फुल टाइम फोर व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायरचा घेर सारखा पाहिजे, दोन नवे दोन झिजलेले असं केलं तर मधलं डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारं) कायम झगडत राहतं आणि तापतं. आणि स्टेपनी पूर्ण साइजची, त्याच रिमवर, त्याच टायरची. २०२० साली नियम आला की टायर प्रेशरची सिस्टिम आणि रिपेअर किट असेल तर ट्यूबलेस गाडीला स्टेपनी नसली तरी चालते, म्हणून कित्येक महागड्या गाड्यांत मागचं झाकण उघडलं तर फोमची बाटली नाहीतर बारीक स्पेअर निघतो. बारीक स्पेअरवर ताशी ८० च्या वर जायचं नसतं आणि चिखलात तर तो रुततोच. कापलेल्या साइडवॉलला फोमचा काही उपयोग नाही. सुर्ल्याकडच्या खोऱ्यात फोनला नेटवर्क नसताना हे कळण्यात अर्थ नाही. पाच टायर सारखे असले की रोटेशनमध्ये पाचवाही फिरवता येतो.

नवीन रिम लावताना प्रेशरचे सेन्सर हलवायला किंवा नवे घेऊन गाडीला ओळखवायला विसरू नका. इन्शुरन्सवाल्यांना कळवा. कंपनी त्या मॉडेलला जो साइज देते त्यातलाच घेतला तर कागदपत्रांचा आणि वॉरंटीचा बराच त्रास वाचतो, फेंडरच्या बाहेर आलेला टायर पोलीस अडवतात ते वेगळंच.

गाडीत काय टाकायचं? बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर, सिगारेट लायटरवाला खेळण्यातला नको, बॅटरीला क्लिप लावायचा. हातातला प्रेशर गेज, पंक्चर किटमध्ये स्ट्रिप्स आणि सुया, लांब दांड्याचा पाना, आणि लॉक नटची चावी, ती घरी कपाटात राहते म्हणून आत्ताच डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. जॅकखाली ठेवायला जाड फळी, फूटभर लांबरुंद, नाहीतर भिजलेल्या मातीत जॅक खाली जातो आणि गाडी जागची हलत नाही. एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावण्याआधी ते जॅक मोडमध्ये टाका. मोठ्या गाडीचं चाक एकट्याने उचलणं जड जातं, म्हणून एकदा घराच्या अंगणात सगळं उघडून, चाक काढून परत बसवून बघाच.

हवा किती ते बघू. थंड टायरवर, सकाळी. रस्त्याला स्टिकरवरचा आकडा. १८ इंचीवर दगडगोट्यांच्या वाटेला त्यातला साधारण पाव कमी, म्हणजे ३४ असेल तर २५-२६ पीएसआय. खोल चिखलाला २०-२२. २० इंचीवर यापेक्षा दोनेक जास्तच ठेवा, आणि २२ इंचीवर हवा सोडायच्या नादाला लागू नका, पहिल्याच दगडावर रिम बसेल. हवा कमी केल्यावर ताशी तीसच्या आत, झटक्यात स्टिअरिंग तोडायचं नाही, टायर रिमवरून सुटतो. आणि डांबराला लागायच्या आधी भरायची, नंतर गावात पंपावर भरू असं नाही, कमी हवेवर वेग घेतला की साइडवॉल आतून तापून सडतो.

जायचं कुठे, हाही तयारीचाच भाग धरतो मी. बीचवर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, तिथे टायर चांगला असो की वाईट, प्रश्नच येत नाही. दूधसागरला कुळ्याहून परवाना असलेल्या जीपच जातात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, वनखात्याला विचारल्याशिवाय आत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणी थांबल्या तेव्हापासून डिचोली, सांगे भागातले खाणरस्ते मोकळे वाटतात, पण ते कोणाच्या तरी लीजमधले असतात, काही खाणी परत चालू झाल्यात, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यांच्या कडा पावसात ढासळतात. मालकाची परवानगी आणि गावातला माहीतगार माणूस, दोन्ही पाहिजे. व्हाळ (ओढा) ओलांडायचा असेल तर उतरून काठीने तळ बघा. डिफेंडर सस्पेन्शन उचलून ९०० मिमी पाण्यातून जाते म्हणतात ते खरं, पण तो आकडा संथ पाण्याचा समजा. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर असेल तर मागे फिरा.

परत आल्यावर गाडीला वरून फवारा मारून सोडू नका. चाकाच्या आतल्या बाजूला तांबडी माती एका जागी वाळून बसते आणि दुसऱ्या दिवशी हायवेला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, लोक उगाच अलाइनमेंटला पैसे घालतात. आधी रिम आतून धुवा, मग दोन्ही बाजूंच्या साइडवॉलवरून हात फिरवा, फुगा किंवा कट लागतो का बघा, ब्लॉकमध्ये अडकलेले चिऱ्याचे तुकडे पाचरीने काढा, आणि चाक काढलं असेल तर पन्नासेक किलोमीटर झाल्यावर नट टॉर्क पान्याने परत आवळून घ्या.