एमक्यूटीटीचे मेसेज अ‍ॅसिंक पायथनमध्ये घ्यायचेत? मग लूप मोकळा ठेवा

टाकीतल्या पाण्याची पातळी, शेतातला ओलावा, असलं काही ईएसपी३२ (छोटा वायफाय बोर्ड) वरून एमक्यूटीटीने (सेन्सरचे छोटे मेसेज पोचवणारा हलका प्रोटोकॉल) पाठवायला कुणीही शिकवतं, पण खरी रड असते दुसऱ्या टोकाला, ब्रोकरकडून (मेसेज घेऊन ज्याला हवेत त्याला वाटणारा सर्व्हर) मेसेज घेणाऱ्या पायथन स्क्रिप्टमध्ये. म्हणून इथे फक्त तेवढंच.

ब्रोकर म्हणून मॉस्किटो घ्या, हलका आहे, रास्पबेरी पायवरही आरामात चालतो. एवढं लक्षात ठेवा की २.० व्हर्जनपासून काही कॉन्फिग न देता चालू केला तर तो फक्त त्याच मशीनवरून येणारं कनेक्शन घेतो, त्यामुळे लॅपटॉपवर सगळं छान चालतं आणि ईएसपी मात्र बाहेरच राहतो. कॉन्फिगमध्ये १८८३ पोर्टचा लिसनर लिहा आणि पासवर्ड फाइल लावा. मग पायथनला हात लावायच्या आधी मॉस्किटोसोबत येणाऱ्या सबस्क्राइब कमांडने # टॉपिक (म्हणजे सगळेच विषय) ऐकून बघा, तिथेच मेसेज दिसत नसतील तर स्क्रिप्टमध्ये शोधून काय उपयोग.

लायब्ररी एआयओएमक्यूटीटी, ही आतून पाहो ही एमक्यूटीटीची नेहमीची पायथन लायब्ररीच वापरते पण कॉलबॅकचा (मेसेज आला की आपोआप बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनचा) पसारा नाही. 'अ‍ॅसिंक विथ' मध्ये क्लायंट उघडायचा, आत सबस्क्राइबला अवेट करायचं आणि क्लायंटच्या मेसेजेसवर 'अ‍ॅसिंक फॉर' फिरवायचा, झालं. विंडोजवाल्यांनी सुरुवातीलाच सिलेक्टर इव्हेंट लूप (इव्हेंट लूप म्हणजे अ‍ॅसिंक कामं आळीपाळीने चालवणारा भाग) सेट करा, तिथला डीफॉल्ट प्रोअ‍ॅक्टर लूप या लायब्ररीला चालत नाही.

पेलोड, म्हणजे मेसेजमधला मजकूर, बाइट्समध्ये येतो, डीकोड करून मग फ्लोटमध्ये बदला, आणि हे ट्राय-एक्सेप्टमध्येच करा नाहीतर एका फुटक्या मेसेजने अख्खा लूप मरतो. त्यातही गंमत म्हणजे डीएचटी२२ या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरचं रीडिंग फेल गेलं की बऱ्याचदा 'नॅन' (आकडाच नाही) अशी स्ट्रिंग येते आणि पायथनचा फ्लोट ती हसत हसत स्वीकारतो, एररबिरर काही नाही, मग तुमची सरासरी नॅन होऊन बसते. आकडा फायनाइट आहे का ते वेगळं तपासा. दुसरं, सबस्क्राइब केल्या केल्या जो पहिला मेसेज येतो तो रिटेन केलेला, म्हणजे ब्रोकरने साठवून ठेवलेला जुना असू शकतो. तापमान असेल तर ठीक आहे, पण 'मोटर चालू' हा हुकूम कुणी रिटेन करून ठेवला असेल तर स्क्रिप्ट रीस्टार्ट झाली की मोटर सुरू! मेसेजवर रिटेन फ्लॅग असतो, तो बघा.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅसिंक लिहिलं म्हणजे सगळं एकाच वेळी चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. 'अ‍ॅसिंक फॉर' च्या आत तुम्ही डेटाबेसला अवेट केलंत की पुढचा मेसेज ते संपेपर्यंत थांबतो. हिशोब करा ना, २० सेन्सर, प्रत्येकी सेकंदाला एक मेसेज, आणि एक नोंद टाकायला २०० मिलिसेकंद, म्हणजे दर सेकंदाला ४ सेकंदांचं काम येतंय. थकबाकी वाढत जाते, लायब्ररीच्या आतली रांग डीफॉल्टला अमर्याद असते त्यामुळे ओरडणारं कुणी नाही, फक्त रॅम भरत जाते आणि ग्राफ तासभर मागे पडतो.

उपाय असा की रिसीव्हरने फक्त मेसेज घ्यायचा, वेळ चिकटवायची आणि स्वतःच्या असिंकआयओ (पायथनचं अ‍ॅसिंक मॉड्यूल) क्यूमध्ये टाकून मोकळं व्हायचं, बाकी काम क्यूमधून उचलणारे वेगळे टास्क, म्हणजे वर्कर, करतील. वरच्या हिशोबात ५ वर्कर सेकंदाला २५ नोंदी करतात, पुरतं. खरं तर ५० नोंदी जमवून एकदम टाकणारा एकच वर्कर मला जास्त पटतो, कारण अनेक वर्कर असले की एकाच सेन्सरची दोन रीडिंग उलटसुलट क्रमाने लिहिली जाऊ शकतात. क्यूला मर्यादा द्या, हजार वगैरे, आणि भरली तर काय करायचं ते आधीच ठरवा: तापमान असेल तर सगळ्यात जुनं फेकून द्या, अलार्म असतील तर त्यांची क्यूच वेगळी ठेवा.

टाइम-स्लीप, रिक्वेस्ट्स लायब्ररी, जड पांडाज, यातलं काहीही थेट लूपमध्ये नको. हे लूपच अडवतात, मग ब्रोकरला 'मी आहे' सांगणारा पिंगही जात नाही, आणि कीपअलाइव्ह (किती वेळात काहीतरी पाठवायलाच हवं ती मुदत) ६० सेकंदांचा असेल तर ९० सेकंद शांतता दिसली की ब्रोकर तुम्हाला काढून टाकतो. असलं काम असिंकआयओच्या 'टू थ्रेड' मधून करा, पायथन ३.९ पासून आहे.

नेट जाणारच, तेव्हा रीकनेक्ट हवाच. कनेक्शन तुटलं की लायब्ररी एमक्यूटीटी एरर फेकते, ती पकडा, ५ सेकंद झोपा, परत जोडा, आणि सबस्क्राइब त्या व्हाइल लूपच्या आतच ठेवा कारण क्लीन सेशनमध्ये (दर वेळी कोरी सुरुवात) ब्रोकर तुमची जुनी सबस्क्रिप्शन विसरतो. एक खाचखळगा: अनेक टास्क एकत्र चालवणारा टास्कग्रुप (पायथन ३.११ पासून) वापरत असाल तर आतली एरर बाहेर येताना एक्सेप्शन ग्रुपमध्ये गुंडाळून येते, बाहेर लावलेला साधा एक्सेप्ट तिला पकडतच नाही. म्हणून रीकनेक्टचा लूप रिसीव्हर टास्कच्या आतच लिहा, वर्करही मग जिवंत राहतात.

क्यूओएस १ ('किमान एकदा पोचेल' ही हमी) लावला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिलं म्हणजे मेसेज दोनदा येऊ शकतो, तेव्हा सेन्सर आयडी आणि सेन्सरनेच पाठवलेला अनुक्रमांक यावर डेटाबेसमध्ये युनिक ठेवा. दुसरं म्हणजे मेसेज लायब्ररीच्या रांगेत पडला की ब्रोकरला पोच जाते, तुमचं काम व्हायच्या आधीच, त्यामुळे मध्येच स्क्रिप्ट पडली तर रांगेतलं सगळं गेलं. स्क्रिप्ट बंद असतानाचे मेसेज हवे असतील तर क्लीन सेशन बंद करा आणि क्लायंट आयडी पक्का द्या, पण मग तोच आयडी टेस्टिंगच्या लॅपटॉपवर वापरू नका, एका आयडीला एकच कनेक्शन असतं, नवीन आलं की ब्रोकर जुन्याला हाकलतो, जुनं परत जोडून नव्याला हाकलतं, आणि लॉगमध्ये दर ५ सेकंदांनी डिसकनेक्ट दिसत राहतं.