छोटा टँग घरच्या खाऱ्या टाकीत कसा जगवावा

तुमची मरीन टाकी सहा-आठ महिने विनातक्रार चालू आहे, अमोनिया-नायट्राइट (माशांना विषारी घटक) शून्यावर आहे आणि मागच्या काचेवर शेवाळ धरू लागलंय, असं गृहीत धरतो. टाकी नवी असेल तर टँग, म्हणजे मुख्यतः शेवाळावर जगणारा हा समुद्री मासा, आत्ता नको. पांढऱ्याशुभ्र, नुकत्या लावलेल्या दगडांवर त्याला खायला काही नसतं.

कोणता घ्यावा

दुकानात 'छोटा टँग' मागितलात की बऱ्याचदा ब्लू टँगचं दोन इंची पिल्लू समोर येतं. तो ३० सेंटिमीटरपर्यंत जाणारा मासा आहे. 'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' हे पालुपद जिथे ऐकू येईल तिथून मासा न घेतलेलाच बरा. अपुऱ्या टाकीत मासा मापात राहत नाही, खुंटतो, आणि खुंटलेला टँग फार काळ टिकत नाही.

मुळातच लहान राहणारे टँग ब्रिसलटूथ (फणीसारख्या बारीक दातांच्या) गटात मिळतात. टोमिनी साधारण १५ सेंटिमीटरचा होतो. त्याचं नाव इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या टोमिनी आखातावरून पडलं. कोले १८ पर्यंत जातो. यलो आणि स्कोपस हे दुसऱ्या गटातले, ते २० गाठतात, त्यांना टाकी त्या हिशोबाने मोठी हवी. हवाईत २०१७ च्या न्यायालयीन निकालानंतर शोभेच्या माशांची मासेमारी आवळली गेली, तेव्हापासून तिथून येणारे यलो आणि कोले महागले. यलोची टाकीत पैदास २०१५ मध्ये हवाईतच साधली, पण ते पिल्लूही स्वस्त नाही. आपल्या बजेटला टोमिनी परवडतो आणि चार फुटी टाकीत तो खरोखर मावतो. माझं मत विचाराल तर पहिला टँग टोमिनीच घ्यावा.

हिंदी महासागरातल्या ट्रंकेटस नावाच्या ब्रिसलटूथची पिल्लंही पिवळीधमक असतात. यलो टँग म्हणून पैसे मोजण्याआधी तोंड बघा. यलोचं तोंड लांबट, पुढे काढलेलं असतं; ब्रिसलटूथचं आखूड, जाड ओठांचं.

टाकी

एकट्या टोमिनीला लांबी चार फूट, पाणी अडीचशे लिटरच्या पुढे, प्रवाह जोरदार. स्किमर (फेसासोबत पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवाच, कारण टँगला प्राणवायू भरपूर लागतो. पाणी २५-२६ अंशांवर ठेवा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तरी तापमान दोन-तीन अंश उतरतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. दगड सिरॅमिकचे किंवा कृत्रिम घ्या. आपल्या समुद्रातल्या प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे 'अस्सल कोरल रॉक देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

विकत घेताना

दुकानात मासा खाताना बघा. वरून बघा, डोक्यामागे पाठ खपाटीला गेली असेल तर सोडून द्या. जाळीने पकडू देऊ नका. शेपटीच्या बुडाशी असलेला काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा किंवा तुमचं बोट, एक तरी कापलं जातं. बरणीने उचला.

विलगीकरण

माझं घोडं बराच काळ अडलं ते इथे. टँगच्या अंगावरचा श्लेष्माचा थर पातळ असतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे मरीन इच, त्याला पटकन धरतो. म्हणून सगळेच सांगतात: मासा आधी वेगळा ठेवा. बरोबर आहे. पण हेच लोक त्याला रिकाम्या, लख्ख काचेच्या टाकीत दोन पाइपचे तुकडे टाकून महिनाभर डांबायला सांगतात. यलो किंवा स्कोपस तिथे क्लिपला लावलेली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पान) कुरतडून दिवस काढतो. ब्रिसलटूथला ते जमत नाही. त्याचे दात फणीसारखे बारीक आणि लवचीक असतात. पानं तोडण्यासाठी नाहीत, पृष्ठभागावरचा डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) तपकिरी थर आणि गाळ खरवडण्यासाठी. लख्ख टाकीत तो रोगातून वाचतो आणि उपाशी मरतो. मग दोष मात्र 'नाजूक जातीला' मिळतो.

म्हणून मासा आणण्याआधी तीन आठवडे त्याचं जेवण लावायला घ्या. काचवाल्याकडून तळहाताएवढे पंधरा-सोळा तुकडे कापून घ्या, कडा घासून घ्या. एक उथळ टब घ्या, त्यात खारं पाणी करा. या टबापुरतं आरओचं पाणी नको. नळाचं पाणी दिवसभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून क्लोरीन उडवा आणि तेच वापरा, कारण त्यातलं सिलिकेट डायटमला लागतं. गेल्या काही महिन्यांत नवा मासा न आलेल्या टाकीच्या काचेवरची खरवड त्यात ढवळा आणि टब उजेडाच्या खिडकीत ठेवा. काचा तपकिरी झाल्या, बोट फिरवलं की चिकट रेघ उमटते, की जेवण तयार.

आता औषधाचा प्रश्न. इचवर तांब्याचं औषध चालतं, पण त्याने काचांवरचा थरही मरतो आणि मात्रा जरा चुकली की टँगच आधी झुकतो. ब्रिसलटूथसाठी मी टब बदलण्याची पद्धत वापरतो, त्यात औषध लागतच नाही. इचचा परजीवी माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाला चिकटतो आणि त्याच्या कोशातून नवी पिल्लावळ बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात. तेवढ्यात मासा दुसरीकडे गेला की पिल्लावळीला खायला कुणीच नसतं.

पन्नास लिटरचे दोन टब, आणि हीटर, एअर स्टोन, पाइपचे तुकडे हे सगळं दोन-दोन संच. पहिल्या दिवशी मासा पहिल्या टबात, मग ४, ७ आणि १० व्या दिवशी टब बदलायचा, १३ व्या दिवशी बाहेर. दोन बदलांमध्ये ७२ तास उलटू देऊ नका. 'उद्या सकाळी करू' म्हणालात तर सगळं मुसळ केरात. नवं पाणी आदल्या दिवशीच कालवून तापमान आणि क्षारता जुळवून ठेवा. मासा नेताना जुनं पाणी कमीत कमी न्या. रिकामा टब सामानासकट गोड्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. ओलसर राहिला तर वापरू नका.

प्रत्येक नव्या टबात चार ताज्या तपकिरी काचा उभ्या करा. जुन्या काचा पुढच्या टबात नेऊ नका, कोश त्यांनाही चिकटलेले असतात. मासा खातोय का, हे ओळखायला त्याच्यापाशी बसून राहावं लागत नाही. काच उजेडासमोर धरा: थरावर ओठांचे गोल, एकावर एक उमटलेले ठसे दिसले की तो खातोय. नंतर तळाला लांब तपकिरी विष्ठा दिसू लागते. ती पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर जंतांचा संशय घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच काचेवर भिजवलेली नोरी रबरबँडने बांधा, म्हणजे खरवडता खरवडता ती तोंडात जाते. नोरी साधी, बिनतेलाची, बिनमिठाची घ्या. खाऊ म्हणून मिळणारी मसाला नोरी नको. अमोनिया रोज तपासा, टबात फिल्टर नसतो.

ही पद्धत फक्त इचपुरती. अंगावर सोनेरी भुकटीसारखी झाक, धापा टाकणं, पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभं राहणं, ही व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवी रोगाची लक्षणं. तो तासा-तासाला वाढतो. तिथे मोजणीच्या किटसह तांबंच वापरावं लागतं. १३ व्या दिवसानंतर आणखी दोन आठवडे मासा निरीक्षणाच्या टाकीत ठेवा, चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध तिथेच द्या.

'लसूण घाला, इच जातो' आणि 'क्लीनर कोळंबी इच खाते' हे दोन्ही सल्ले कानाआड करा. मुख्य टाकीत इच शिरलाच तर सगळे मासे काढून ती ७६ दिवस माशांविना चालवावी लागते, कारण काही कोश ७२ दिवसांपर्यंत फुटत नाहीत.

मुख्य टाकीत सोडणं

टँग सगळ्यात शेवटी सोडा, दिवे मालवून. आधीचा टँग असेल तर बाहेरून काचेला आरसा टेकवा. जुना मासा दोन-चार दिवस प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला श्वास मिळतो. दोन ब्रिसलटूथ चार फुटांत नकोत.

नंतर

रोज नोरी, अधूनमधून मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि स्पिरुलिनाचं खाद्य. समोरची काच पुसा, बाकीच्या तीन तशाच सोडा. पाणी गाळायला कार्बन (कोळसा) वापरत असाल तर आधी धुऊन त्याची भुकटी काढून टाका. ती पाण्यात फिरली तर टँगच्या डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर झिजल्यासारखे खड्डे पडू शकतात.